केवड्याची साक्ष

सत्यनारायण असो की वास्तुशांत, गुरुजी संकल्प सांगू लागतात तेव्हा घरातली निम्मी माणसे प्रसादाच्या शिऱ्यात अडकलेली असतात. यजमान पळीभर पाणी हातात घेऊन मान डोलावतो. नीट ऐकले तर कळते, की हा त्याचा पूर्ण पत्ता आहे, काळाचाही आणि जागेचाही. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे महायुग, कलियुगाचा पहिला चरण. मग भरतखंड, दंडकारण्य, गोदेचा तीर, शालिवाहन शक, संवत्सर, मास, तिथी. छत्रपती संभाजीनगरातला यजमान गोदेचा उत्तर तीर म्हणतो. नदी ओलांडून शेवगावला गेले की तोच दक्षिण तीर होतो. शालिवाहन तर पैठणचा, म्हणजे घरचाच.

या संकल्पातल्या कल्पाला अलीकडे मोबाइलवर बरे दिवस आले आहेत. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचे वय विज्ञान ४५४ कोटी वर्षे सांगते. हे दोन आकडे शेजारी ठेवायचे, खाली ‘हिरण्यगर्भ म्हणजेच बिग बँग’ असे लिहायचे आणि शेवटी कार्ल सेगनचे नाव टाकायचे, की मेसेज तयार. सेगनचे नाव उगाच घेतलेले नाही. १९८०च्या ‘कॉसमॉस’ मालिकेत त्याने तामिळनाडूतली दृश्ये दाखवली, आणि आधुनिक विश्वशास्त्राशी जुळणारे कालमान फक्त हिंदू धर्मात आढळते, असे त्याच नावाच्या पुस्तकात लिहिले. मात्र हे जुळणे निःसंशय योगायोगाचे आहे, हेही त्याने त्याच वाक्यात लिहून ठेवले होते. मेसेज फॉरवर्ड होताना नेमके तेवढेच गळते.

योगायोग का, हे तपासायला संस्कृत यायलाच हवे असे नाही, शाळेतला हिशेब पुरतो. कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचे. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. चारही मिळून एक महायुग, ४३ लाख २० हजार वर्षांचे. अशी हजार महायुगे म्हणजे कल्प. आता पंचांगाच्याच हिशेबाने चालू कल्पाची किती वर्षे सरली? सहा मन्वंतरे, त्यांचे संधिकाल, सातव्यातली सत्तावीस महायुगे, अठ्ठाविसाव्याची तीन युगे आणि कलीची पाच हजारांवर वर्षे, सगळी मिळून सुमारे १९७ कोटी २९ लाख ४९ हजार. म्हणजे ब्रह्मदेवाची अजून दुपारही झालेली नाही. पृथ्वीच्या वयाशी ताडून पाहायचे तर या सरलेल्या वर्षांशी पाहायला हवे. मेसेज करणारा ते न पाहता दिवसाची पूर्ण लांबी उचलतो, कारण १९७ आणि ४५४ जुळत नाहीत. सूर्यसिद्धांत तर यातून आणखी १ कोटी ७० लाख ६४ हजार वर्षे वजा करतो. सृष्टी घडवायला ब्रह्मदेवाला तेवढा वेळ लागला, असे तो म्हणतो.

मग ४३२ कोटी हा आकडा हवा कशाला होता? पुराणांचे सोडा, ज्योतिर्गणिताला त्याचे काम वेगळे होते. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला. त्यात कल्पारंभी सगळे ग्रह मेषेच्या आरंभी एका ओळीत उभे आहेत, आणि कल्पाअखेरीस पुन्हा तिथेच येतात. मधल्या काळात प्रत्येकाच्या पूर्ण फेऱ्या किती, हे दिलेले आहे. शनीच्या फेऱ्या १४ कोटी ६५ लाख ६७ हजार २९८. या संख्येने ४३२ कोटींना भागून पाहा. शनीला एका फेरीला २९.४७ वर्षे लागतात असे उत्तर येते. आजचे मोजमाप २९.४६ आहे. डोळ्यांनी आणि साध्या यंत्रांनी घेतलेल्या वेधांवर हे साधले होते. अपूर्णांकांशी झगडण्यापेक्षा काळ इतका लांब घ्यायचा, की प्रत्येक ग्रहाच्या फेऱ्या पूर्णांकात मांडता येतील. अभिमान वाटायचा तर इथे वाटावा. ४३२ कोटी हे कोणी मोजलेले वय नव्हते, गणिताची सोय होती. म्हणूनच आर्यभटाला तो आकडा बदलताना संकोच वाटला नाही. त्याने चारही युगे सारख्या लांबीची केली आणि कल्पाची महायुगे १००८ धरली. त्यासाठी ब्रह्मगुप्ताने त्याला खडे बोल सुनावले, तो भाग वेगळा.

पृथ्वीचे ४५४ कोटी कुठून आले, हेही पाहण्यासारखे आहे. क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये उल्कापाषाणांतल्या शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले आणि युरेनियमचे शिसे व्हायला लागणाऱ्या काळावरून हिशेब मांडला. वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात खोदली, त्या दख्खनच्या बेसॉल्टचे सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे वयही अशाच किरणोत्सारी घड्याळांवरून निघाले. असा आकडा खोटा ठरू शकतो. दुसऱ्या प्रयोगशाळेने दुसरा दगड घेऊन तो तपासायचा असतो.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेले की पाटणादेवीचे रान लागते. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’चे अध्ययन चालावे म्हणून इथे मठ काढला आणि शके ११२८ मध्ये त्याला देणगी मिळाली, असे हा लेख सांगतो. वंशावळ संस्कृतात आहे. देणगीचा हिशेब, व्यापाऱ्यांनी काय द्यायचे आणि घाण्यामागे तेल किती, हे जुन्या मराठीत. देवगिरीच्या राज्यात खगोलाचे शिक्षण तेलाच्या हिशेबासकट चालत होते.

विश्वाच्या आरंभाबद्दल भास्कराचार्यांचे मत वाचताना मजा येते. ब्रह्मदेवाचे किती आयुष्य सरले यावर तेव्हाही वाद होता. कोणी म्हणत अर्धे, कोणी म्हणत साडेआठच वर्षे. भास्कराचार्य म्हणतात, शास्त्रवचन कोणतेही असो, मला त्याचा उपयोग नाही, कारण ग्रह काढायचे ते चालू दिवसाच्या सरलेल्या भागावरून. पुढे तर ते चिमटाच काढतात. ग्रह दिवसाच्या आरंभी निर्माण होतात आणि शेवटी लय पावतात. तेव्हा ते अस्तित्वात असतानाच्या गतीचा विचार करणे योग्य. जे ग्रह नसतानाच्या काळातही त्यांची गती मोजत बसतात, त्या थोरांना आपला नमस्कार. ११५० साली छत्तिशीतल्या पंडिताने हे लिहिले.

पृथ्वी शेषावर की कूर्मावर, या प्रश्नालाही त्यांनी असाच हात घातला. पृथ्वीला आधार हवा, तर त्या आधाराला दुसरा हवा, त्याला तिसरा. शेवटी कुणीतरी स्वतःच्या शक्तीने उभे आहे असे मानावेच लागते. मग ते पहिल्यालाच का मानू नये? पृथ्वी आकाशात स्वतःच्या शक्तीने राहते. चारी बाजूंनी आकाश सारखेच, तेव्हा ती पडणार तरी कुठे? भास्कराचार्यांची देवांवर श्रद्धा होती, कल्पही त्यांनी नाकारला नाही. श्रद्धेचे वचन आणि वेधाचे गणित यांना एकमेकांचे साक्षीदार म्हणून उभे करायला मात्र ते तयार नव्हते.

वेरूळला जाणारे बहुतेक लोक कैलास पाहून थकतात आणि शेजारच्या पंधराव्या लेण्याकडे जाणाऱ्या पायऱ्या टाळतात. चढायला जरा त्रास आहे, पण वरच्या मजल्यावर विश्वोत्पत्तीची दोन चित्रे एकाच सभागृहात आहेत. या लेण्याच्या अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख आहे, म्हणजे काळ आठव्या शतकाचा. एका भिंतीवर शेषशायी विष्णू आणि त्याच्या नाभीकमळातला ब्रह्मदेव. गाभाऱ्याकडच्या भिंतीवर लिंगोद्भव. मधोमध उभे लिंग, त्याच्या कडांतून ज्वाळा निघतात, आणि लिंगाच्या पोटात शिव उभा आहे. खाली वराहरूपी विष्णू जमीन उकरत तळ शोधायला निघाला आहे, दुसऱ्या बाजूला ब्रह्मदेव शेंडा गाठायला वर चालला आहे. आणि तेच दोघे, शोध फसल्यावर, हात जोडून पुन्हा कोरलेले आहेत. जाणे आणि हरून येणे एकाच चौकटीत बसवणारा तो शिल्पकार थोरच म्हणायचा.

शिल्पात एक पात्र नाही. ते शिवपुराणातल्या कथेत येते. विष्णू परत येऊन सरळ सांगतो, तळ लागला नाही. ब्रह्मदेवाला वर जाताना वरून खाली येणारा केवडा भेटतो. त्याला तो आपल्या बाजूने वळवतो आणि येऊन सांगतो, मी शेंडा पाहिला, हा केवडा साक्षीला आहे. शिव चिडतो. ब्रह्मदेवाची पूजा बंद होते आणि केवडा शंकराला वर्ज्य होतो. लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर घृष्णेश्वर आहे, अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलेले. ज्योतिर्लिंग या कल्पनेमागे हीच आदि-अंत नसलेल्या तेजस्तंभाची कथा सांगतात. तिथल्या हार-परडीतही एरवी केवडा दिसायचा नाही.

मला ही कथा बिग बँगपेक्षा विज्ञानाच्या शिस्तीची वाटते. शोधायला निघणाऱ्याला कथा दोष देत नाही, शिक्षा होते ती खोट्या साक्षीला. वेदांत सगळे आधीच होते, असे सांगणाऱ्यांची साक्षही मला बहुतेक वेळा केवड्याचीच वाटते. एखादा शोध लागेपर्यंत हे साक्षीदार गप्प असतात. विश्व प्रसरण पावते असे लेमेत्रने १९२७ मध्ये आणि हबलने १९२९ मध्ये सांगण्यापूर्वी हिरण्यगर्भसूक्तातून प्रसरणाचा वेग काढल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी अडचण अशी, की हिंदू तत्त्वज्ञान हा एक ग्रंथ नाही, ते एक मोठे भांडण आहे, आणि मजा त्यातच आहे. तैत्तिरीय उपनिषद आरंभी असत् होते म्हणते. छांदोग्यात उद्दालक आरुणी मुलाला विचारतो, असतातून सत् कसे निघेल? सांख्यांच्या मते प्रकृतीतल्या तीन गुणांचा समतोल ढळला आणि सृष्टी उलगडली. कार्य कारणात आधीच असते. नैयायिक-वैशेषिकांना ते मान्य नाही. ते परमाणू जोडत सृष्टी उभी करतात आणि कार्य नव्याने निर्माण होते म्हणतात. मीमांसक कुमारिल भट्ट सृष्टी आणि प्रलय दोन्ही उडवून लावतो. जग आज जसे आहे तसेच कायम होते. गौडपाद तर काही जन्मलेच नाही म्हणतो. संत एकनाथांनी मराठीत आणलेल्या ‘चतुःश्लोकी भागवता’त गोंधळलेल्या ब्रह्मदेवाला नारायण सांगतो, की आधी मीच होतो, नंतर उरेन तोही मीच. हे विधान काळातल्या एखाद्या घटनेचे नाही. सगळ्याच्या मुळाशी काय आहे, याचे आहे. दुर्बिणीने ते सिद्धही होणार नाही आणि खोटेही ठरणार नाही.

आता १९६०ची स्थिती डोळ्यांपुढे आणा. फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांचा १९४८चा, विश्वाला आरंभच नाही म्हणणारा स्थिर स्थिती सिद्धांत आणि बिग बँग यांचे जोरात चालले होते. हॉइल जिंकला असता तर कुमारिल बरोबर होता असे म्हणता आले असते. बिग बँग जिंकला, तर हिरण्यगर्भ आहेच. उद्या आवर्ती विश्व सिद्ध झाले, तर कल्प-प्रलय तयार आहेत. कोणताही निकाल लागला तरी आपणच बरोबर ठरणार असू, तर त्या जुळण्याला पुरावा म्हणून काही किंमत उरत नाही.

निकाल १९६५ मध्ये लागला. पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सगळ्या दिशांनी सारखाच येणारा सूक्ष्मलहरींचा क्षीण प्रकाश सापडला. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर पावणेतीन अंशांच्या आसपास. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना पहिल्यांदा पारदर्शक झाले, तेव्हा सुटलेला हा प्रकाश, म्हणजेच पार्श्वप्रारण. बिग बँगच्या बाजूने असे भाकीत आधीच केले गेले होते. पुराणकथा आणि सिद्धांत यांच्यातला फरक इथे हाताला लागतो. हिरण्यगर्भ, म्हणजे ब्रह्मांडाचे सोनेरी अंडे, पाण्यात तरंगते, त्याला बाहेर आहे. बिग बँग हा कुठल्या मोकळ्या जागेत झालेला स्फोट नव्हता. जागाच ताणली गेली, तिला बाहेर नाही. हिरण्यगर्भ आणि बिग बँग एकच म्हटले, की दोन्ही कल्पना बिघडतात.

हा मोह फक्त आपल्याला होतो असे नाही. लेमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी बिग बँगमधून बायबलातल्या सृष्टीला दुजोरा मिळतो, असा सूर लावला. सगळ्यांत अस्वस्थ झाला तो लेमेत्रच. सिद्धांत उद्या बदलला तर श्रद्धेचे काय करणार, हे त्याला कळत होते. असे बोलणे थांबावे म्हणून त्याने खटपट केली.

आपल्याकडे या कसोटीला दोन मराठी माणसे उतरली. जयंत नारळीकर, कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले, हॉइलचे विद्यार्थी. बिग बँगला त्यांचा विरोध मे २०२५ मध्ये निधन होईपर्यंत मावळला नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिरवत् स्थितीचा सिद्धांत मांडला. त्यात विश्वाला आरंभ नाही. ते चार-पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांनी फुगते, आकसते, आणि जागोजागी नवे द्रव्य जन्मते. कल्पाची आठवण यावी असेच हे चित्र. पण नारळीकरांनी त्याची पाठराखण पुराणांच्या आधारे केली नाही. पार्श्वप्रारण कसे निर्माण झाले असेल, हे सांगण्यासाठी त्यांनी ताऱ्यांचा प्रकाश शोषणारे लोखंडाचे सूक्ष्म तंतू सुचवले. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. ‘द सायंटिफिक एज’मध्ये त्यांनीच प्राचीन विज्ञानाच्या अवास्तव दाव्यांची झाडाझडती घेतली.

दुसरे अभय अष्टेकर, जन्म १९४९, धुळे जिल्ह्यातले शिरपूर. आइन्स्टाइनच्या समीकरणांत काळ मागे नेत गेले, की घनता अनंत होते आणि समीकरणे मोडतात. अष्टेकरांनी १९८६ मध्ये याच समीकरणांची नवी मांडणी केली. तिच्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली. पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्यासह २००६ मध्ये त्यांनी दाखवले, की या गणितात काळ मागे नेला तर विश्व शून्यात चिरडत नाही; प्रचंड घनतेला पोहोचून उसळते. बिग बँगच्या जागी बिग बाऊन्स, आणि त्याच्या पलीकडे आकसत आलेले एक आधीचे विश्व. निरीक्षणांचा शिक्का त्यावर अजून बसलेला नाही.

साम्य मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. काही हजार वर्षांच्या जगावर समाधान न मानता कोटी कोटी वर्षांत विचार करण्याची सवय या परंपरेला होती, आणि ती लहान गोष्ट नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १२९वे, नासदीय सूक्त त्याहून पुढे जाते. सात ऋचांत ते सत् नव्हते, असत् नव्हते, मृत्यूही नव्हता असे म्हणत आरंभाला हात घालते, आणि शेवटी विचारते, हे सगळे कुठून आले कोण सांगणार? देवही त्यानंतरचे. परमाकाशातून पाहणाऱ्या अध्यक्षाला ठाऊक असेल. किंवा त्यालाही नसेल. दशांशचिन्हापुढे बेचाळीस शून्ये देऊन एक लिहिला, तर जो सेकंदाचा भाग होतो, त्याच्या आत आजचे भौतिकशास्त्रही बोलायचे थांबते. त्या ऋषीच्या जवळ शास्त्रज्ञ कुठे येत असेल, तर इथे.

मराठवाड्यात वेरूळ आणि परळीबरोबर औंढा नागनाथलाही ज्योतिर्लिंग मानतात. हिंगोली जिल्ह्यातल्या या औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आत निर्वात नळीतून जाणारे लेसर किरण. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका तिच्यातली एक भागीदार संस्था आहे. विश्वशास्त्रातला आजचा मोठा वाद सोडवायला तिची मदत होईल. पार्श्वप्रारणावरून काढले तर विश्वाच्या प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकला, म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ६७ किलोमीटर येतो. तारे आणि अतिनवताऱ्यांवरून काढला तर ७३. दोन्ही गट आपापली मापे पुन्हा पुन्हा तपासत आहेत आणि फरक जात नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याच्या लहरी पकडल्या गेल्या. त्यांच्यावरून तिसऱ्याच रीतीने तो वेग काढला तेव्हा ७० आला, पण चुकीची मुभा इतकी मोठी होती, की ६७ आणि ७३ दोन्ही तिच्यात बसतात. अशा आणखी पुष्कळ टकरी नोंदल्या जाईपर्यंत विश्वाच्या १,३८० कोटी वर्षांच्या वयापुढे ‘सुमारे’ हा शब्द लिहावाच लागणार आहे.